डाव्या हाताला विश्रांती

बावीस वर्षं नाचशाळेत पियानो वाजवला, म्हणून सगळे तिला पियानोबाईच म्हणत. महिन्यापूर्वी पियानोची आतली चौकट तडकली, दुरुस्तीवाल्याने हात टेकले आणि शाळेने अरेंजर कीबोर्ड आणला. डाव्या हाताने नुसता कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकत्र, धरून ठेवायचा. ड्रम, बास, गिटार सगळं यंत्र वाजवणार. नाचाच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "शुक्रवारपर्यंत बसवा. नाहीतर मी रेकॉर्डिंग लावीन."

अडचण डाव्या हाताची होती. पियानोवर तो एकेक सूर उतरत खाली जायचा. यंत्राला त्यातला प्रत्येक सूर नवा कॉर्ड वाटे आणि मागचा अख्खा वाद्यवृंद भलतीकडेच उडी मारे.

सरावासाठी तिने कीबोर्ड घरी आणला. चुका ती वहीत मांडत गेली: सोमवारी एकोणीस, बुधवारी अकरा.

"हात आहे की गस्तीवरचा शिपाई?" नवरा पेपरामागून म्हणाला. "एका जागी उभा राहील तर शपथ."

"बावीस वर्षं चालवलंय त्याला."

"मग आता पेन्शनीत काढ."

तिला हसू आलं, पण खांदा ठणकत होता. हात हलवण्यापेक्षा न हलवण्याचेच कष्ट जास्त होते.

शुक्रवारी एकही चूक झाली नाही. मुली तालात गिरक्या घेत होत्या, नाचाच्या बाई मान डोलावत होत्या. मग कोपऱ्यातली उंच मुलगी उडी घेऊन उशिरा टेकली. पियानो असता, तर पियानोबाईने तिच्यासाठी सूर जरासा लांबवला असता. कुणाला कळलंही नसतं. यंत्र पुढे निघून गेलं. मुलगी पाय शोधत राहिली.

पियानोबाईने बटण दाबून ताल बंद केला. उजव्या हाताने एकटीच वाजवत राहिली, मुलगी ओळीत येईपर्यंत. मग ताल पुन्हा सुरू केला.

वर्ग सुटल्यावर नाचाच्या बाई जवळ आल्या. "मध्येच बंद पडलं का हो?"

"नाही. मी थांबवलं. ती मागे राहिली होती."

"रेकॉर्डिंग थांबलं नसतं, हे खरं. सोमवारपासून या. पण थांबायचं ते मी खूण केल्यावर."

इतकी वर्षं खुणेची गरज कधी पडली नव्हती, हे सांगायचं तिच्या ओठांवर आलं. पण त्यासाठी वाद घालत उभं राहावं लागलं असतं. "बरं," ती म्हणाली, आणि वायर गुंडाळू लागली.