शिशाच्या पडद्यामागचा बिल्ला

मी डूख धरते. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी माझी सायकल न विचारता नेऊन मोडून आणणाऱ्या आतेभावाशी मी अजून कामापुरतंच बोलते, आणि त्याला आता टक्कल पडलंय. तेव्हा ज्या माणसाने माझ्या दादाचं आयुष्य नासवलं, त्याला मी माफ करीन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

त्या माणसाला अणुवीज केंद्रात सगळे चलाचला म्हणायचे. कामगारांच्या मागे उभा राहून तो दिवसभर ‘चला चला’ करायचा, दुसरं काम त्याला फारसं येत नव्हतं. अणुभट्टी बंद ठेवून दुरुस्त्या चालतात तेव्हा आतल्या खोल्यांत शिरणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक पट्टा असतो. त्यावर बिल्ला, आणि शेजारी एक छोटा मीटर. बिल्ला अंगावर किती किरणं पडली ते साठवून ठेवतो, मीटर ती जास्त झाली की बोंबलतो. प्रत्येकाला वर्षाचा डोस ठरवून दिलेला असतो. तो भरला की माणसाने आत पाऊल टाकायचं नाही.

चलाचलाने यावर जालीम उपाय शोधला होता. खोलीच्या दाराशी शिशाचा जाड पडदा टांगलेला असतो. आत गेलं की पट्टा काढून त्या पडद्यामागे अडकवायचा, काम करायचं, येताना पुन्हा छातीवर चढवायचा. मीटर गप्प, बिल्ला कोरा. ‘कोण बघतंय?’ असं म्हणून त्याने एकेकाला हे शिकवलं. सर्वांत कमी डोसच्या बक्षिसाची ढाल दरवर्षी त्याच्याच विभागाला मिळायची, आणि ती घेताना तो आमची माणसं किती जपून काम करतात यावर भाषण ठोकायचा.

दादा त्याच्या हाताखाली व्हॉल्व दुरुस्त करायचा. व्हॉल्ववर तळहात ठेवून आत काय बिनसलंय ते तो ओळखायचा, म्हणून त्याला वैद्यबुवा म्हणत. एका तपासणीत पडद्यामागे त्याचा पट्टा सापडला आणि दादा सापडला आत, व्हॉल्वला मिठी मारून बसलेला. चौकशीत चलाचलाने हात वर केले. मी सांगून सांगून थकलो, हा ऐकतच नाही, असं तो डोळे ओले करून म्हणाला. दादाने खरं काय ते सांगितलं. बाकीचे मूग गिळून बसले, आणि सगळं खापर दादावर फुटलं. त्याचा आत जायचा पास गेला, काम गेलं. आता तो एका इमारतीचा पाण्याचा पंप सांभाळतो.

पण माझा राग पास गेल्याचा नाही. दादाने किती डोस घेतला, हे कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांनी तपासलं, तब्येत ठीक आहे म्हणाले, आणि बिल्लाच कोरा असेल तर आम्ही तरी काय सांगणार, असंही म्हणाले. जरा कणकण वाटली तरी दादा दहादा स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायचा. रात्र रात्र दादा छताकडे बघत पडायचा. वहिनी आणि त्याने मूल नको असं ठरवलं. ते ठरवत होते तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते आणि भिंत पातळ होती. आज मी याच विषयातलं शिकलेय, म्हणून मला कळतं की बहुधा घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण बहुधाच्या भरवशावर कुणी पाळणा बांधत नाही.

त्यानंतर मी हट्टाने किरणांपासून कामगारांना सांभाळायचं शिक्षण घेतलं आणि त्याच केंद्रात लागले. मला तिथे मीटरवाली म्हणतात. चलाचला तोवर साहेब झाला होता. त्याच्या तोंडावर मी रोज गोड हसायचे आणि मनात रोज त्याला उकळत्या तेलात सोडायचे. मी कुणाची बहीण हे त्याने कधी विचारलं नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

मी आल्यावर आतल्या खोल्यांत कॅमेरे बसले. मीटरचा क्षणाक्षणाचा आकडा माझ्या टेबलावरच्या पडद्यावर दिसू लागला, आत बोलायला कानाला फोन आले. बिल्ला आता छातीवरच राहायचा, त्यामुळे डोस खरा दिसायचा. ढाल दुसऱ्याच विभागाकडे गेली आणि चलाचलाचं तोंड कडू झालं. या वर्षीच्या दुरुस्तीत तर त्याच्या सगळ्या फिटरांचा डोस भरत आला, आणि नेमका तेव्हाच पंपामागच्या खोलीतला व्हॉल्व अडकला.

बैठकीत मोठे साहेब डोकं धरून बसले. आता कोणाला पाठवायचं? मी अगदी नम्रपणे सुचवलं की आपल्या साहेबांचा डोस कोराच आहे, आणि या व्हॉल्वचा त्यांचा अनुभव दांडगा, असं ते स्वतःच नेहमी सांगतात. चलाचलाच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या साहेबांना मात्र ते एकदम पटलं.

आत जायच्या आधी बाहेर तशाच खोट्या व्हॉल्ववर सराव करावा लागतो. हात बसला की आत वेळ कमी लागतो, आणि वेळ कमी लागला की डोस कमी लागतो. आमच्या धंद्यातलं सगळं शहाणपण एवढंच आहे. चलाचला म्हणाला, मला सरावाची गरज नाही. मी म्हटलं, सराव नाही तर प्रवेश नाही, नियम आहे साहेब. मग त्याने तो जाड पोशाख चढवला, दुहेरी हातमोजे घातले आणि गुडघ्यांवर बसला. पाना उलटा धरला. बोल्ट हातातून सुटून गडगडत गेला. बघायला त्याचेच फिटर जमले होते, आणि एक जण हळूच ‘चला चला’ म्हणाला. मी पुन्हा करायला लावलं. मग पुन्हा. ते सगळं नियमाप्रमाणेच होतं, पण त्यात मला जे सुख मिळालं ते नियमात लिहिलेलं नाही.

शेवटी कसाबसा हात बसला आणि तो आत गेला. मी टेबलाशी, मागे मोठे साहेब, फिटर दाटीवाटीने उभे. आतला आवाज स्पीकरवर सगळ्यांना ऐकू येत होता. सकाळीच मी आत जाऊन जागेजागेचं मोजमाप घेतलं होतं आणि कोपऱ्यातल्या वाकलेल्या पाइपपासून लांब राहायचं त्याला बजावलं होतं. तो नेमका तिथेच टेकला. मीटर बोंबलायला लागला, आणि माणूस घाबरला.

मी त्याला बाजूला सरकायला सांगणार, एवढ्यात त्याचा हात छातीकडे गेला. त्याने पट्टा काढला आणि उठून पडद्यामागे अडकवला. वर कॅमेऱ्याकडे बघायचं त्याला सुचलंच नाही, इतका तो हात सवयीचा होता. माझ्यासमोरचा आकडा झर्रकन उतरला. कॅमेऱ्यात तो रिकाम्या छातीने पुन्हा त्याच पाइपाशी जाऊन बसलेला दिसत होता.

मी ‘बाहेर या’ म्हटलं असतं तर तो आला असता. नियमाने तेच म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं मी याच हाताची वाट बघत होते. मी आवाज मऊ केला आणि विचारलं, “साहेब, पट्टा काढलात? हे चालतं?”

“चालतं हो मॅडम,” तो धापा टाकत म्हणाला. “पूर्वी सगळे असंच करायचे. मीच तर शिकवलंय सगळ्यांना. कोण बघतंय?”

फिटरांच्या माना खाली गेल्या होत्या. यातलेच दोघं तेव्हा चौकशीत गप्प बसले होते.

“मी बघतेय,” मी म्हटलं. “मोठे साहेबही बघतायत. चला चला, बाहेर.”

तो बाहेर आला. पोशाख उतरवून, अंग तपासून माझ्या टेबलाशी येईपर्यंत मोठ्या साहेबांनी त्याचा पास थांबवला होता आणि आतलं चित्रीकरण मागवून घेतलं होतं. दादाची जुनी चौकशी पुन्हा उघडायची असंही ते माझ्यासमोरच फोनवर कुणाला तरी सांगत होते. पण चलाचलाला पासाची पर्वा नव्हती. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मॅडम, किती लागला मला?” त्याने विचारलं.

त्याचं उत्तर माझ्यासमोर कागदावर होतं. तो कुठे बसला आणि किती वेळ बसला ते कॅमेऱ्यात होतं, त्या जागेचं मोजमाप माझ्याकडे होतं. गणित सोपं होतं आणि लागलेला डोस क्षुल्लक होता. माझ्या प्रश्नापायी तो थांबला तेवढा वेळही मी त्यात धरला होता, आणि मी तो प्रश्न विचारल्याचं अहवालात लिहिणारही होते. मी कागद पालथा केला.

“माहीत नाही. बिल्ला पडद्यामागे होता.”

“अंदाज तरी सांगा. मला घरी जाऊन काय सांगायचं?”

“माझ्या दादालाही अंदाज हवा होता.”

“कोण दादा?”

तो खरंच विचारत होता. त्याला आठवतही नव्हतं. “वैद्यबुवा,” मी म्हटलं. मग आठवलं त्याला. तो वळून निघाला. जाताना त्याने स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला. ती सवय मला चांगली ओळखीची होती.

संध्याकाळी जेवायच्या वेळी मी सगळं सांगितलं. दादा ऐकत होता. चौकशी पुन्हा उघडणार हे कळल्यावर त्याने मान हलवली, सरावाचं ऐकून हसला, पाना उलटा धरल्याचं दोनदा सांगायला लावलं. मग एकदम गंभीर झाला.

“किती लागला ते सांगितलंस ना त्याला?”

मी भाकरी मोडायला लागले.

“नाही सांगितलंस,” तो म्हणाला. “फोन कर त्याला. आत्ता कर. असं नको ठेवूस कुणाला.”

दादाचा शब्द मी मोडत नाही. मी फोन उचलला. तेवढ्यात वहिनीने हात पुढे केला, फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि फळीवर, डब्यांच्या मागे ठेवून दिला. तिचा आवाज चढला नव्हता. फार राग आला की ती मला वन्सं म्हणते.

“सकाळी सांगा, वन्सं,” ती म्हणाली. “एक रात्र त्यालाही छताकडे बघू दे.”

मला वाटलं, आता दादा उठून फोन आणेल. पण त्याने ताट पुढे सरकवलं आणि पुन्हा वाढून घेतलं.