पाठ टेकली की बाहेर

कोरडवाडीच्या गोरक्षला आख्खं गाव आभाळ्या म्हणायचं, आणि त्यात आभाळाचा काही दोष नव्हता.

झालं होतं असं, की सात वर्षांचा असताना गोरक्ष गावच्या यात्रेत रेवड्यांची कुस्ती खेळला. मोठ्या पैलवानांच्या आधी बारक्या पोरांच्या जोड्या लावतात, ती ही कुस्ती. हरणाऱ्यालाही मूठभर रेवड्या मिळतात, त्यामुळे तिचं कुणी मनावर घेत नाही, असं आपलं म्हणायचं. शेजारच्या हिवरवाडीच्या एका पोरानं गोरक्षला उचलला आणि पाठीवर ठेवला. गोरक्ष पडून राहिला. खाली मऊ माती, वर मोकळं आभाळ, घाई कसलीच नव्हती. पंच होते आबासाहेब वस्ताद. ते वाकून म्हणाले, "काय रं, आभाळात काय हाय का?" गाव हसलं. कुस्ती तिथंच संपली, हसणं पंचवीस वर्षं चाललं.

लग्नाच्या पत्रिकेवर खरं नाव छापलं, तर निम्मं गाव जेवायला आलंच नाही. गोरक्ष कोण, हे कुणाला माहीत नव्हतं. पुढं पुढं नव्या पोरांना वाटायला लागलं, की या माणसाला आभाळातलं कळतं म्हणून हे नाव पडलं असणार. पेरणीच्या दिवसांत लोक बांधावर थांबून विचारायचे, "आभाळ्या, कवा पडंल रं?" आधी तो चिडायचा. मग कंटाळून काहीतरी सांगायला लागला. दोनदा खरं निघालं, तेव्हा त्याची बायको झुंबरबाई म्हणाली, "आता गप बसा. एखाद्या साली लोकं मारत्याल."

एकाहत्तर साली कोरडवाडीत फुटबॉल आला. नगरला लष्करात असलेला सहादेव सुट्टीवर येताना घेऊन आला. त्यानं पोरांना दोन नियम शिकवले. बॉलला हात लावायचा नाही, आणि गोलात उभा राहील त्यानं लावला तर चालतं. तिसऱ्या नियमाला हात घालणार, तोच सुट्टी संपली. बाकीचे नियम त्याच्याबरोबर एस्टीनं नगरला गेले.

पोरांचं त्यावाचून काही अडलं नाही. शाळा सुटली की जो जिकडं उभा असेल तो तिकडचा. कंटाळा आला की बाजू बदलता यायची. साळूबाईची एक शेळी रोज खेळायची, आणि ती बऱ्याच जणांपेक्षा जास्त वेळ बॉलजवळ असायची. कोण जिंकलं असं घरी कुणी विचारलं, तर पोरं "हां" म्हणायची.

मग हिवरवाडीनंही बॉल आणला. एका गावात एक गोष्ट आणि शेजारच्या गावात तीच गोष्ट म्हटल्यावर मोठी माणसं गप्प बसणं शक्य नव्हतं. चैत्राच्या यात्रेला, कुस्त्यांच्या आधी, दोन्ही गावांच्या चौथीपर्यंतच्या पोरांची म्याच ठरली. आणि म्याच ठरली ती निकाली. कुणीतरी एक गाव हरल्याशिवाय मैदान सोडायचं नाही.

गोरक्षचा पोरगा गहिनीनाथ तिसरीत होता. त्याला पळायचा मनापासून कंटाळा, म्हणून राधाकृष्ण गुरुजींनी त्याला गोलात उभा केला.

ही बातमी गोरक्षला रंगनाथच्या हॉटेलात कळली. हॉटेल म्हणजे एक भट्टी, दोन बाकडी आणि रंगनाथ. गावातली निम्मी टोपणनावं त्याच भट्टीवर उकळलेली होती.

"आभाळ्या," रंगनाथ चहा गाळत म्हणाला, "तुझ्या पोराचं नाव मी आदीच काढून ठिवलंय. बॉल आत गेला रं गेला, की खिंडाऱ्या."

बाकड्यावरच्या म्हाताऱ्यानं ते नाव तोंडात घोळवून बघितलं. "खिंडाऱ्या आभाळ्याचा," तो म्हणाला. "भरदार हाय."

"आन न्हाई गेला तर?" गोरक्षनं विचारलं.

"जाईल की. एवढी मोठी जागा आन मधी तुझं एवढंसं पोरगं."

गोरक्षनं अर्धा चहा तसाच खाली ठेवला. पंचवीस वर्षांनंतरचा गहिनीनाथ त्याला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसला. मिशा आलेला, लग्न झालेला, आणि बाजारात लोक लांबून हाका मारतायत, ए खिंडाऱ्या. तो तसाच उठून शाळेत गेला.

"गुरुजी, एवढ्याल्या पोरांना म्याच कशाला लावताय?"

"मला हौस आहे का?" गुरुजी म्हणाले. ते पाथर्डीचे, आवाज कायम बसलेला. "मी पुढाऱ्यांना सांगून बघितलं. पोरं आपली खेळतायत, खेळू द्या. तर म्हणे हार-जीत शिकली पाहिजेत."

"मी शिकलोय न्हवं हार. काय उपेग झाला?"

गुरुजींनी विचार केला. "पावसाचं सांगता," ते म्हणाले.

"माझ्या पोराला काढा."

"त्याला काढलं तर घाबरून काढलं म्हणतील. त्याचं आणखी वेगळं नाव पडेल."

हे खरं होतं, आणि ते नाव काय असेल तेही गोरक्षला सुचून गेलं.

यात्रेच्या दिवशी सकाळी झुंबरबाईनं उपाय काढला. काखेत कांदा धरून पडलं की अंगात ताप भरतो, असं शाळा चुकवणाऱ्या कैक पिढ्यांचं संशोधन होतं. तिनं चांगला मोठा कांदा पोराच्या काखेत दिला आणि पांघरूण घातलं. थोड्या वेळानं बघितलं, तर गहिनीनाथ कांदा फोडून भाकरीबरोबर खात बसला होता.

"आरं, ताप यायला पायजे तुला!"

"कशाला, आई? मला म्याचला जायाचंय."

गोरक्ष त्याच्याजवळ उकिडवा बसला. "गहिन्या, बॉल आत गेला तर रं?"

"जाळी कुठं हाय, दादा? आत गेला की मागनं भाईरच जातो."

पोरानं खाकी चड्डी चढवली आणि बापाच्या आधी घराबाहेर पडला.

शाळेमागच्या पडीक रानात दोन्ही गावं जमली होती. दोन्ही टोकांना दोन-दोन वासे रोवून गोल केले होते. एका कडेला हलगीवाले, दुसऱ्या कडेला यात्रा कमिटीची रेवड्यांची परात. आणि मधोमध, गुलाबी फेटा बांधून, पंच म्हणून आबासाहेब वस्ताद. वय साठीच्या पुढं, कान कुस्तीत मोडलेले, आणि पाठ आजवर कुठल्याही मैदानात टेकलेली नाही. पंच तेच, याबद्दल दोन्ही गावांचं एकमत होतं. पंचवीस वर्षांत तेवढ्या एकाच गोष्टीवर झालं होतं.

आबासाहेबांनी हात वर करून हलगी थांबवली.

"ऐका. बॉलला हात लावायचा न्हाई. चावायचं न्हाई. आन ज्याची पाठ टेकली तो भाईर."

गुरुजी धावत मध्ये आले. "आबासाहेब, ह्या खेळात पाठ टेकत असते. मुलगा उठतो आणि पुन्हा खेळतो."

"उठतो?"

"हो."

"आन पुन्हा खेळतो?"

"हो ना."

आबासाहेबांनी गुरुजींकडं दयेनं बघितलं. "गुरुजी, चीत झालेला मानूस पुन्हा उभा ऱ्हायला लागला तर कुस्त्या संपायच्या कवा? लाज हाय का न्हाई त्या खेळाला?"

हिवरवाडीच्या पुढाऱ्यांनीही माना डोलावल्या. नियम रास्त होता. गुरुजींचा आवाज आधीच बसलेला, तो आता पार खाली बसला.

हलगी कडाडली आणि दोन्हीकडची सगळी पोरं बॉलवर तुटून पडली. गोलातले दोघं सोडून सगळी म्हणजे सगळी. धुळीचा एक ढीग झाला आणि त्यातून पाय बाहेर दिसायला लागले. धूळ खाली बसली तेव्हा आबासाहेबांनी ढिगात वाकून एकेकाचे खांदे तपासले. "तू भाईर. तू भाईर. तू न्हाई, तू पालथा हायस. तू भाईर."

बाहेर गेलेल्यांना रीतीप्रमाणं परातीतून मूठमूठ रेवड्या मिळाल्या.

घोटाळा झाला तो इथं. मैदानातल्या पोरांनी हे बघितलं. आपण उन्हात पळतोय, आणि पडलेली पोरं सावलीत बसून रेवड्या खातायत. आठ-नऊ वर्षांच्या डोक्याला यातलं गणित लगेच सुटतं. हिवरवाडीचा एक पोरगा बॉल घेऊन गहिनीनाथच्या गोलापाशी येऊन पोचला. गोरक्षनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पोरगा बॉलशेजारी उताणा पडला होता आणि आबासाहेबांना हाक मारत होता, "वस्ताद, माझी टेकली."

मग साथच आली. कोण पळता पळता लवंडला, कोण जागेवर बसून बेतानं मागं झाला. दोघं भाऊ एकमेकांना धरून सावकाश आडवे झाले, कपडे मळू नयेत म्हणून. कडेनं मोठी माणसं ओरडत होती. "ऊठ! आरं ऊठ भाड्या, गावाची इज्जत हाय!" पोरं पडल्या जागेवरून सांगत होती, "उठाया बंदी हाय."

बघता बघता मैदान रिकामं झालं. उरले दोघंच. दोन टोकांचे दोन गोलकीपर, कारण रेवड्यांच्या परातीपासून सगळ्यात लांब तेच होते.

आता चौथीपर्यंतच्या पोरांची ती म्याच राहिली नाही, दोघांची निकाली जोड झाली. गोरक्षनं मनात हिशेब केला. इतका वेळ बाकीच्या पोरांमध्ये नाव विभागून गेलं असतं. आता सगळं नाव एकट्या गहिनीनाथवर येणार होतं. रंगनाथ दोन माणसं सोडून उभा होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणून बघत होता.

"आवं, घेऊन या त्याला," झुंबरबाई पुटपुटली. "पोट दुखतंय म्हना."

"कुनाचं?"

"तुमचं म्हना!"

ते खोटंही झालं नसतं. पण तेवढ्यात आबासाहेबांनी दोघा पोरांना मधे बोलावलं, हातात हात दिला, बॉल मधोमध ठेवला, आणि कुस्तीत खांदे बघायला वाकतात तसे गुडघ्यांवर हात ठेवून बॉलपासून वीतभर अंतरावर वाकून उभे राहिले. वाकले की त्यांना सगळं नीट दिसायचं. आजवर ह्या वाकण्यानं त्यांना कधी दगा दिला नव्हता. पण कुस्तीत मधे बॉल नसतो.

हलगी वाजली. हिवरवाडीचा पोरगा बुजून जागेवरच राहिला. गहिनीनाथला पळायचा कंटाळा, पण बॉल समोरच होता. त्यानं डोळे मिटले आणि जीव खाऊन लाथ मारली.

बॉल आबासाहेबांच्या पोटात बसला. ते एक पाऊल मागं गेले, दुसरं पाऊल फेट्याच्या सुटलेल्या शेमल्यावर पडलं, आणि कधी न टेकलेली ती पाठ दोन्ही गावांसमोर, दोन्ही खांद्यांसकट, जमिनीला टेकली.

हलगी आपोआप थांबली. कुणी हसलं नाही. हसावं की नाही हे ठरवणारा पंचच खाली पडला होता. गोरक्ष धावत पुढं झाला, त्यानं आबासाहेबांना हात देऊन उठवलं, धूळ झटकली.

"लागलं का, वस्ताद?"

आबासाहेबांनी मागं हात नेऊन स्वतःचे खांदे चाचपले. बोटांना माती लागली. ती त्यांनी बराच वेळ बघितली. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "दोन्ही टेकले. मी भाईर."

आणि ते चालत जाऊन पोरांच्या रांगेत बसले. परातीवरच्या माणसाला काय करावं कळेना. आबासाहेबांनी हात पुढं केला, तेव्हा त्यानं मूठभर रेवड्या त्यांच्या हातावर ठेवल्या. शेजारच्या पोरानं सरकून जागा दिली.

पुढाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. पंच बाद झाल्यावर काय करायचं, हे ना कुस्तीत होतं ना सहादेवनं सांगितलं होतं. दुसरा पंच नेमावा, तर कोरडवाडीचा हिवरवाडीला चालेना आणि हिवरवाडीचा कोरडवाडीला. पाथर्डीचे म्हणून गुरुजींचं नाव निघालं, पण गुरुजी केव्हाच घरी गेले होते. तिकडं देवळामागच्या आखाड्यात पैलवान लंगोट लावून खोळंबलेले. शेवटी हलगीवाले उठले आणि हलगीमागं दोन्ही गावं उठली.

आबासाहेब जाता जाता गहिनीनाथपाशी थांबले आणि वाकले. गोरक्षला पंचवीस वर्षांपूर्वीचं आठवलं. हाच माणूस, हेच वाकणं. वस्तादांनी पोराची पोटरी दाबून बघितली.

"नाव काय रं तुझं?"

"गहिनीनाथ."

"गहिनीनाथ," आबासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पोटरी बरी हाय." आणि गेले.

गोरक्ष रंगनाथकडं वळला. विचारायचं धाडस होत नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं. "मग? ते तुमी काढलेलं नाव?"

रंगनाथचा चेहरा पडला होता. "आता कसलं नाव, लेका. ज्यानं वस्तादांना चीत केलं त्याला खिंडाऱ्या म्हनायचं, मग वस्तादांना काय म्हनायचं? त्येंच्यासमोर म्हनंल कोन? वाया गेलं बघ. असं भरदार नाव पुन्हा सुचत न्हाई." तो हळहळत कुस्त्या बघायला निघून गेला.

रान मोकळं झालं. उरली ती दोन गोलकीपर पोरं आणि बॉल. त्यांना कुणी थांबा म्हटलं नव्हतं, म्हणून ती खेळत होती. आता एकच गोल धरला होता आणि आळीपाळीनं एक आत, एक बाहेर. पलीकडून साळूबाईची शेळीही येऊन सामील झाली. हिवरवाडीच्या पोरानं लाथ मारली, बॉल गहिनीनाथच्या दोन पायांमधून गेला आणि शाळेच्या भिंतीवर आपटला. दोघंही खिदळले. पुढचाही गेला. त्याच्या पुढचाही.

गोरक्ष बांधावर बसला होता. पाठीचा ताठा कधी सैल झाला, त्याला कळलं नाही. रंगनाथच्या हॉटेलात चहा प्याल्यापासून त्याच्या पोटात नीट अन्न गेलं नव्हतं.

"किती गेले हो?" झुंबरबाईनं येऊन विचारलं. तिच्या पदरात कुठून तरी मिळवलेल्या रेवड्या होत्या.

"लई गेले."

"आन?"

"आन काय. कोन बघतंय," गोरक्ष म्हणाला, आणि त्यानं तिच्या पदरात हात घातला. "भूक लागली, घरी काय हाय?"

"कांदा हुता," झुंबरबाई म्हणाली, "त्यो तुमच्या लेकानं खाल्ला." आणि मग दोघंही, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, पोट धरून हसली.