किल्लीवाल्याचं वजन

“हलू नका हो दादा, काटा नाचतोय,” सिस्टर म्हणाल्या.

किल्लीवाला श्वास रोखून उभा राहिला. क्षयरोग दवाखान्यातल्या या जुन्या काट्यावर महिन्याला सगळेच असे उभे राहायचे, पण इतरांची धडपड उलटी असायची. कुणी स्वेटर उतरवायचं, कुणी खिसे रिकामे करायचं, कुणी सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता यायचं. ठरल्या वजनाच्या वर गेलं की पौष्टिक पावडरीचा डबा बंद. त्या डब्यापायी सिस्टरांना पाठीमागे सगळे ‘वजनवाल्या बाई’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

“वाढलंय की,” सिस्टर म्हणाल्या. “पण मग डबा बंद होईल हं.”

“होऊ दे. ज्याला लागतो त्याला द्या. बायको रोज विचारते, अंग धरताय का म्हणून. आज सांगतो तिला.” तो काट्यावरून उतरला तो पास झालेल्या पोरासारखा.

या वर्षी वरून पैसे निम्मेच आले होते. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बसवून सरळ विचारलं होतं, साध्या गोळ्यांना दाद न देणाऱ्यांची महागडी औषधं घ्यायची की सगळ्यांना डबे द्यायचे? औषधं घ्यायची ठरली. त्यात दुमत नव्हतं. उरल्या पैशांत थोडे डबे बसत होते, ते कुणाला द्यायचे यावर मात्र घोळ सुरू झाला. ओळखीवाल्यांनी घेऊ नयेत, रडणाऱ्यांनी पळवू नयेत, म्हणून सिस्टरच म्हणाल्या, “वजनावर द्या, सर. काट्याला कुणी काका-मामा नसतात.” डॉक्टरांना ते पटलं. सिस्टर त्या दिवशी खुशीत घरी गेल्या होत्या.

किल्लीवाल्याचा डबा शिवणकाम करणाऱ्या पोरीला मिळाला. वाऱ्याने उडेल अशी होती बिचारी.

पुढच्या महिन्यात किल्लीवाला बायकोच्या खांद्यावर हात टाकून आला. सँडलचे पट्टे उघडेच होते.

“सँडल बसेनात, सिस्टर. पार सुटलोय मी,” तो धापा टाकत हसला.

सिस्टरांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गाल खप्पड, कानशिलं आत गेलेली. त्या खाली बसल्या, पँट वर सारली आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. काट्यावर चढलं होतं ते पाणी होतं, आणि मागच्या महिन्यातही पाणीच होतं. नोकरीत केस पांढरे झालेल्या बाईला हे कळायला त्याचे पाय तेवढे बघायचे होते. डबे आल्यापासून त्या फक्त काटा बघत होत्या.

डॉक्टरांनी त्याला तिथल्या तिथे भरती केलं. बाहेर येऊन म्हणाले, “फार पसरलंय. डबा चालू असता तर वाचला असता, असं छातीठोक सांगता येत नाही.”

“वाचला नसता, असंही नाही ना सर?”

किल्लीवाल्याने आठवडाही काढला नाही.

त्याची बायको, सिस्टर तिला वहिनी म्हणत, उरलेल्या गोळ्या पिशवीत घालून परत द्यायला आली, तेव्हा वजनाचाच दिवस होता. शिवणकामवाली पोर काट्यावर उभी होती.

“वाया नकोत जायला,” गोळ्या टेबलावर काढून ठेवत वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून, “त्यांचं वजन वाढलं होतं ना हो? गल्लीभर सांगत सुटले होते. पुन्हा उघडायचं म्हणून दुकानही झाडून ठेवलं.”

हो म्हणणं सोपं होतं. सिस्टरांना ते फार म्हणावंसं वाटलं.

“नाही, वहिनी. ते अंगात साठलेलं पाणी होतं. मला पहिल्याच वेळी कळायला हवं होतं. डबा मी बंद केला त्यांचा.”

वहिनी पिशवीचे बंद हातात पिळत राहिल्या.

“कुणाला दिलात?”

सिस्टरांनी पोरीकडे पाहिलं. पोर अवघडून उभी होती.

“हिला लागू तरी पडला का?”

काटा पुढे सरकला होता. सिस्टरांनी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. पोरीला बाकावर बसवून, गुडघे दुखत असतानाही त्या खाली बसल्या आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. वहिनीही शेजारी वाकून पाहू लागल्या. रांगेतलं खोकणं तेवढं ऐकू येत होतं.

सिस्टरांनी अंगठा उचलला. कातडी लगेच वर आली.

“मांस आहे,” त्या म्हणाल्या.

वहिनींनी त्या पायावर स्वतः एकदा बोट दाबून पाहिलं. मग पोरीची सलवार हलकेच खाली ओढून नीट केली, रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरली आणि रांगेच्या कडेने बाहेर पडल्या.