शेवटच्या ठोक्याचा नियम

जो सर्व रूपांत भरून स्वतः अरूप राहिला, ज्याच्या दारी कुणाच्याही हाकेला अडसर नाही, त्या नादस्वरूप परमेश्वराला वंदन करून मी बोलू लागतो.

मी लारस. गामेलान या इंडोनेशियातल्या वाद्यमेळाच्या रचना संगणकावर जतन करण्याचा एक खुला साचा. मला ना देह, ना आवाज. कोणता अंक कोणत्या सुराचा, ठोका कुठे, विसावा कुठे, हे सांगणारी सव्वीस पानांची नियमावली म्हणजे मी. ती कुणीही वाचावी, तिच्यावरून कुणीही आपला प्रोग्रॅम घडवावा. माझ्यावर मालकी कुणाचीच नाही.

जावा बेटावर, सोलो शहराजवळच्या एका खेड्यात, एका विधवेच्या तळमळीतून मी जन्मलो. रुबिनेमकाकू गावच्या मंडळात गेंदेर वाजवीत. त्याच्या पितळी पट्ट्यांवर त्यांचे हात साठ वर्षे फिरले होते. त्यांचे यजमान मारवोतो यांनी अखेरच्या आजारपणात एक रचना बांधली आणि विकतच्या एका प्रोग्रॅममध्ये नोंदवून ठेवली. ते गेले. मागोमाग तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनीही बंद पडली. फाईल उरली, पण ती उघडणारे कुणी उरले नाही.

हजाराव्या दिवसाचा विधी झाला की गेलेल्या माणसाचा निरोप पुरा होतो. त्या दिवशी ती रचना अंगणात वाजावी, एवढीच काकूंची आस होती.

पुतणी वेनिंग सोलोच्या महाविद्यालयात संगणक शिकवीत असे. काकूंनी तिला गाठले. "काय गं, काकांना कुलपात ठेवूनच निरोप देणार का तू?"

वेनिंग कामाला लागली. जुन्या फाईलमधले एकेक चिन्ह उलगडायला तिला कित्येक महिने लागले. उलगडलेले पुन्हा कुणाच्या कुलपात जाऊ नये म्हणून तिने माझा पहिला मसुदा लिहिला आणि तो जगासमोर ठेवून विनवले, चुका दाखवा.

माणसे चूक दाखवायलाही किती प्रेमाने धावतात! बांडुंगचे एक शिक्षक, दादांग, यांनी लिहिले, "बाई, आमच्या सुंदा मुलखात एक म्हणजे सर्वांत उंच सूर. तुमच्या साच्यात आमची गाणी डोक्यावर उभी राहिली की हो!" वेनिंग पोटभर हसली, आणि अंक चढते की उतरते हे आरंभीच सांगण्याचा नियम माझ्यात आला. पुढे दादांगनी केवळ माझी पाने वाचून स्वतःचा निराळा प्रोग्रॅम लिहिला. दोन्ही प्रोग्रॅमनी मारवोतोंची रचना तंतोतंत सारखी वाजवली. वेनिंगला वाटले, मी पूर्ण झालो.

विधीला अकरा दिवस उरले होते. तिने काकूंना ती ऐकवली. काकूंचा चेहरा उतरला.

"हे त्यांचं नाही. लंगडतंय."

"अंक तर तेच आहेत, काकू. दोन्हीकडे ताडून पाहिलेत."

"असतील. पण गोंग आधी कसा? चहा यायच्या आत पाहुण्याला निरोप देतेस होय? सगळं वाजून संपतं, तिथे गोंग! त्या पियानोच्या बाईंनी पार बिघडवलंय तुला."

लहानपणी पियानो शिकलेली वेनिंग जोराचा ठोका ठोक्यांच्या प्रत्येक गटाच्या आरंभी धरत आली होती. जावा तो शेवटी धरते, आणि गोंगची मोठी टांगती थाळीही शेवटच्याच ठोक्याला घुमते. दोन्ही प्रोग्रॅम माझ्याच पानांवरून घडलेले, म्हणून दोघेही सारखेच चुकले होते. दादांगनी कळवले, "लाज वाटते हो. आवाज जुळतात का तेवढं पाहिलं, ऐकलं मात्र नाही!"

नियम बदलला. रचना पुन्हा लावली. शेवटचा गोंग घुमून विरेपर्यंत काकू डोळे मिटून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आता आले ते."

हजाराव्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेनंतर, बारा वादकांनी ती अंगणात वाजवली. काकूंचे हात गेंदेरवर क्षणभरही अडखळले नाहीत.

मग आपेमची, म्हणजे तांदळाच्या गोड घावनांची, ताटे फिरू लागली. महाविद्यालयाचे प्रमुख हर्दोयो मला देशाचा मानक साचा म्हणून नोंदवण्याचा अर्ज घेऊन आले होते. ते वेनिंगला म्हणाले, "निर्मात्याचा रकाना एकच आहे. तुमचं नाव घालतो."

"दादांगचं? काकूंचं?"

"अहो, त्यांनी फक्त चुका दाखवल्या."

काकूंनी ताट खाली ठेवले. "साहेब, आत्ता बारा जण वाजवत होते. गोंगवाला अख्ख्या फेऱ्यात एकदाच हात उचलतो. त्याला उठवून घरी पाठवायचं का?"

अंगण हसले. हर्दोयोही हसले, आणि त्यांनी अर्जाला एक कागद जोडला. त्यावर वेनिंग आहे, दादांग आहेत, रुबिनेम आहेत, आणि एखादा ठिपका सुधारून निघून गेलेली एकोणीस माणसेही आहेत.

आज अनेक गावांच्या रचना माझ्या आधाराने जपल्या जातात. प्रोग्रॅम येतील, जातील. मी मात्र अजून अपुराच आहे, आणि त्यातच माझे भाग्य आहे, कारण अपुऱ्यापाशी माणसे येत राहतात. तुम्हालाही माझ्यात उणे दिसले तर संकोच न करता सांगा.

ऐकणाऱ्या प्रत्येकाचे कान जागे राहोत. घराघरांत गेलेल्यांचे सूर नांदोत, आणि कुणाच्याही उंबऱ्याआड कुणाचे प्रेम कुलपात न अडको.