माझ्या कानात बोलणारा शेजारी

मी एक जुना रिपीटर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी डूख धरणारा आहे. म्हातारी यंत्रं शांत आणि समजूतदार असतात असं तुम्हाला कोणी शिकवलं असेल, तर ते विसरा.

टेकडीवर पाण्याची टाकी आहे. तिच्याखालच्या पंपाच्या खोलीत, भिंतीला ठोकलेल्या लोखंडी मांडणीवर मी राहतो. हौशी रेडिओवाल्यांचे हातातले संच अशक्त असतात, त्यांचा आवाज टेकडी ओलांडत नाही. तो मी एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात बोलून दाखवतो. पहिली माझा कान, दुसरी माझं तोंड. मधूनमधून टिकटिक करून मी माझं नावही सांगतो, तसा नियमच आहे.

मला काकांनी घडवलं. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि माझ्या पोटात फिरणारा पंखा एका मोडीत निघालेल्या लिफ्टचाच आहे. त्यांची थोरली बहीण, आक्का, टेकडीपलीकडे एकटी राहते. तिथे फोन लागत नाही. रोज सकाळी दोघं भावंडं माझ्यातून बोलायची.

"उठलीस का?"

"उठले. तुझे गुडघे काय म्हणतात?"

"ते माझं ऐकतच नाहीत, म्हणणार काय?"

एवढंच बोलणं. पण ते झाल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे. बाकीचे रेडिओवालेही म्हणायचे, याला कधी धाप लागत नाही. मी मनातल्या मनात फुगायचो.

मग आला मेहुणा. काकूंचा धाकटा भाऊ, कॅमेरे बसवण्याचं दुकान चालवणारा. त्याने नवाकोरा डिजिटल रिपीटर आणला आणि दुकानाच्या गच्चीवर चढवला. आमच्यात रिवाज असा, की नवा रिपीटर लावण्याआधी बाईंना विचारायचं. बाई टायपिंग शिकवून निवृत्त झालेल्या. कोणी कुठे ऐकायचं आणि कुठे बोलायचं हे त्या ठरवून देतात, म्हणजे कोणाचा पाय कोणाच्या पायावर पडत नाही. मेहुण्याने विचारलं नाही.

"अरे, बाईंच्या कानावर तरी घाल," काका म्हणाले.

"भावोजी, आठवडाभर ऐकलंय मी. त्या फ्रिक्वेन्सीवर चिटपाखरूही नाही. हवा काय बाईंच्या मालकीची आहे?"

हे बोलणं माझ्याच तोंडून झालं, मित्रांनो. माझ्या घरात घुसायचा बेत मीच मोठ्याने वाचून दाखवला.

कारण त्याने ऐकलं होतं ते माझ्या कानाच्या फ्रिक्वेन्सीवर. मी तिथे बोलत नाही, आणि हातातल्या संचांचे दुबळे आवाज त्याच्या दुकानापर्यंत पोचत नाहीत. त्याच्या संचावर माझं नुसतं नाव दिसायचं, आकडे काकांनी भरून दिलेले. ते त्याने कधी उघडून पाहिलेच नाहीत. आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन त्याने नव्या यंत्राचं तोंड थेट माझ्या कानाला लावलं.

डिजिटल बोलणं माझ्यासारख्याला नुसती घरघर वाटते. जे ऐकेन ते बोलायचं हा माझा जन्माचा धर्म, म्हणून मीही दिवसभर घरघरू लागलो. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला दमा झाला. मेहुणा तर रेडिओवाल्यांच्या क्लबात सगळ्यांपुढे म्हणाला, "भंगारात द्या त्याला." चोराच्या उलट्या बोंबा.

एका सकाळी आक्का अंगणात घसरून पडली. कमरेला लावलेला संच तिने कसाबसा तोंडाशी नेला. "अरे, पडले मी. उठता येत नाही." तिचा बारीक आवाज आणि गच्चीवरचा गडगडाट एकदमच माझ्या कानात शिरले. मोठा होता तो जिंकला. काकांना घरघरच ऐकू आली, आणि वैतागून त्यांनी आवाज कमी केला. दुपारी मीटर वाचायला आलेल्या माणसाला ती सापडली. खुबा मोडला होता.

त्या दिवशी मला दात असते तर मी चावलो असतो. त्या गच्चीवर वीज पडावी असं मी रोज मागत होतो, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

शेवटी क्लबात मला काढायचं ठरलं. मेहुणा पाना घेऊन वर आला, सोबत बाई.

"थांब," बाई म्हणाल्या. "आधी नुसता बंद कर."

त्याने बटण दाबलं. माझा पंखा थांबला. बाईंनी आपला संच माझ्या कानाच्या फ्रिक्वेन्सीवर लावला, आणि खोलीभर घरघर घुमली.

"म्हातारा तर बंद आहे. मग हे कोण?"

मेहुण्याला आपल्याच यंत्राची घरघर ओळखू आली.

"तू ऐकलंस कुठे?"

"याच फ्रिक्वेन्सीवर. शांत होतं हो."

"याच्या कानाशी बसून ऐकलंस तर शांतच असणार, तिथे हा बोलत नाही. आक्का इथेच हाक मारत होती."

त्याच्या हातातला पाना खाली गेला. तो चेहरा पाहायला मला डोळे नाहीत, याचं तेवढं एकदाच वाईट वाटलं.

बाईंनी त्याला फ्रिक्वेन्सीची दुसरी जोडी दिली, आणि वर माझी देखभालही त्याच्याच गळ्यात मारली. आता दर रविवारी तो धापा टाकत टेकडी चढतो आणि माझी जाळी झाडतो. मी मुद्दाम धूळ साठवतो असं तो म्हणतो. म्हणू दे.

काठी टेकत का होईना, आक्का घरी परतली. पहिल्याच सकाळी, सगळे ऐकत असताना, मेहुणा माझ्यावर बोलला, "आक्का, चुकलं माझं." नेमकी तेव्हाच माझी नाव सांगण्याची वेळ झाली. टिकटिकीत त्याचे शब्द बुडाले. नियम म्हणजे नियम.

"काय म्हणालास? पुन्हा बोल."

"चुकलं माझं, आक्का."

"जरा मोठ्याने."

तो मोठ्याने बोलला.

मित्रांनो, बोलण्याआधी ऐका, आणि आपण कुठे बसून ऐकतोय हेही कोणा जाणत्याला विचारा. जुन्या यंत्राला भंगारात काढण्याआधी त्याच्या कानात कोण ओरडतंय ते पाहा. क्षमा करायची की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही. आक्कालाही घाई नव्हती.

"हां, आता आलं ऐकू," ती म्हणाली. "पहिल्यांदाही आलं होतं."