गळकं इंजिन आणि किनुएआजींचं फडकं

जुना तर मी आहेच, मित्रांनो. सव्वीस वर्षं झाली मला. पण गेल्या हिवाळ्यात गावाने मला 'गळका' म्हणायला सुरुवात केली, ते मला अजून झोंबतं. गळणं माझ्या हातात नव्हतं. आणि ते थांबवणं ज्यांच्या हातात होतं, त्यांच्या हातात सदा फडकं!

मी एक छोटा पांढरा ट्रक आहे. माझं इंजिन सीटच्या खाली असतं, सीट उचलली की दिसतं. जपानमधल्या शिकोकू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर डोंगर थेट समुद्रात उतरतो, त्या उतारावर किनुएआजींची संत्र्यांची बाग आहे. मला आणलं त्यांच्या यजमानांनी. ते गेल्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बागेतले क्रेट बागायतदारांच्या सोसायटीच्या शेडपर्यंत पोहोचवायला आम्ही दोघंच. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. हंगामात दिवसाला चार खेपा करतो आम्ही. "सव्वीस वर्षांचा वाटत नाही हो!" असं कोणी मला म्हटलं, की आजीच लाजायच्या.

ऑगस्टमध्ये चढावर माझं इंजिन तापलं आणि पांढरा धूर निघाला. हेड गॅस्केट गेलं होतं. इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचं हेड, यांच्यामध्ये बसणारी ती पातळ पट्टी. गावचे मेकॅनिक कुवाबारा म्हणजे आजींच्या यजमानांचे जुने मित्र. त्यांनी हेड उतरवलं, नवं गॅस्केट घातलं आणि मला चकाचक धुऊन परत दिलं. आठवड्याभरात माझ्या पोटाखाली ऑइलचे काळे थेंब पडायला लागले.

आता यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. सांगतो. बारा डिसेंबरला माझं पासिंग होतं. दर दोन वर्षांनी तपासणी होते आणि ऑइल गळणारी गाडी तिथे पास होत नाही. त्यातच आजींचा मुलगा तेरुआकी ओसाकाहून फोनवर म्हणाला होता, "आई, ट्रक पास झाला तर तुझ्या गाडी चालवण्याबद्दल दोन वर्षं मी एक शब्द बोलणार नाही. नाही झाला तर ट्रक भंगारात आणि तुझं लायसन्स परत. कबूल?"

"कबूल," आजी म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या माझ्या सीटवर नुसत्या बसून राहिल्या. वर बागेपर्यंत बस जात नाही. लायसन्स गेलं की बाग गेली, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो कुवाबारांकडे. पण निघण्याआधी आजींनी काय करावं? सीट उचलली, साबणाचं पाणी घेतलं आणि माझं इंजिन कोपऱ्याकोपऱ्यातून लख्ख पुसून काढलं! दुसऱ्याच्या दारात घाणेरडी गाडी न्यायची म्हणजे काय, लोक काय म्हणतील! वर कुवाबारांची फरशी खराब होऊ नये म्हणून माझ्याखाली अंथरायला वर्तमानपत्रंही घेतली.

कुवाबारांनी टॉर्च मारून पाहिलं. "वहिनी, इथे तर काहीच दिसत नाही."

"पण गळतं हो, भावजी."

"टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग असेल. बदलतो."

त्यांनी पॅकिंग बदललं. आणि मग, आपल्या हातून गाडी मळकी कशी जाणार, म्हणून इंजिन पुन्हा धुतलं! आजींनी त्यांना पिशवीभर संत्री दिली, त्यांनी आजींना बिस्किटांचा डबा दिला आणि मी पुन्हा गळू लागलो.

पुढच्या खेपेला ऑइल फिल्टर बदलला. त्याच्या पुढच्या खेपेला बिचाऱ्यांनी माझं हेडच पुन्हा उतरवलं. "माझंच गॅस्केट नीट बसलं नसेल," म्हणाले. दोन दिवस खपून नवंकोरं गॅस्केट घातलं. प्रत्येक वेळी आजी पुसून आणणार आणि हे धुऊन पाठवणार. अरे देवा! दुखणं कुठून सुरू होतं याची खूण माझ्या अंगावर ठळक उमटायची आणि दोघं मिळून ती पुसून टाकायचे. मी ओरडून ओरडून सांगितलं. पण माझं ओरडणं म्हणजे इंजिनाची घरघर, ती कोण ऐकतो? कपाळावर हात मारून घ्यावा, तर हातही नाहीत.

डिसेंबर उजाडला. सोसायटीच्या शेडमध्ये माझ्याखाली काळा डाग पडला की आजी गुडघ्यांवर बसून तो घासायच्या आणि भेटेल त्याला "माफ करा, माफ करा" म्हणायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पासिंगला सहा दिवस उरले असताना आजी बागेच्या पायऱ्यांवर क्रेट घेऊन घसरल्या. उजवं मनगट सुजून टम्म झालं. त्या दिवशी मला कुवाबारांकडे न्यायचं होतं, ते राहिलं. म्हणून दुपारी कुवाबाराच आले आणि त्यांनी सरळ माझ्या सीटला हात घातला.

"थांबा, थांबा भावजी! अजून पुसलं नाही!" आजी डाव्या हातात फडकं घेऊन धावत आल्या. "आठ दिवसांची घाण आहे, शोभतं का ते!"

पण कुवाबारा जागेवरच थिजले होते.

"वहिनी, ते फडकं खाली ठेवा."

"अहो, पण..."

"खाली ठेवा म्हणतो ना!"

इतक्या वर्षांत ते आजींवर पहिल्यांदाच खेकसले. मग त्यांनी बोट दाखवलं. ऑइलवर रस्त्याची धूळ चिकटून माझ्या अंगावर एक काळी रेघ उठली होती. खाली रुंद, वर निमुळती. ठोकळ्यावरून ती हेडच्या मागच्या टोकाला चढली होती आणि तिथे बसवलेल्या डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डबीच्या, बरोबर बुडाशी संपली होती. त्याच्या वर सगळं कोरडं ठणठणीत.

कुवाबारांनी डिस्ट्रिब्युटर उपसला. बुडाची रबरी रिंग लाकडासारखी कडक झाली होती. नखाने दाबली तर मोडली.

"हेड काढताना हा मीच काढला होता," ते हळूच म्हणाले. "आणि रिंग जुनीच घालून बसवला. दोनदा! चूक माझी आहे, वहिनी." आणि माफी मागायला कमरेत वाकले.

"छे छे, मीच पुसत बसले," म्हणून आजीही वाकल्या. ते आणखी वाकले, त्या आणखी वाकल्या. मित्रांनो, इकडे मी उघडा पडलेलो आणि यांचं वाकणंच संपेना!

शेवटी अंगठीएवढी ती नवी रिंग बसली. या वेळी इंजिन स्वतः धुऊन घेतल्यावर कुवाबारांनी आजींना बजावलं, "आता पासिंगपर्यंत याला हात लावायचा नाही. शपथ आहे तुम्हाला." आजींनी ते पाच दिवस कसे काढले, त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण माझ्या अंगावर एक थेंब उमटला नाही. बारा तारखेला कुवाबारांनी मला आणि आजींना तपासणी केंद्रात नेलं. तिथला तपासनीस माझ्याखाली वाकून पाहून उठला आणि त्याने शिक्का मारला.

त्याच अंगणात, माझ्या दाराला टेकून आजींनी तेरुआकीला फोन लावला. "झाला पास!"

"वा! आणि तू कशी आहेस?"

"मी ना, अगदी ठी..." आजी थांबल्या. मनगटाला बांधलेल्या पट्टीकडे त्यांनी पाहिलं. मला वाटलं, झालं, हेही आता पुसणार. पण त्या म्हणाल्या, "नाही रे. पडले मी बागेत. मनगट सुजलंय. रात्री झोप लागत नाही."

आजींनी डोळे मिटून घेतले.

"शनिवारी येतो," तेरुआकी म्हणाला. "क्रेट मी उचलीन. गाडी तू चालव."

आजी हसल्या आणि रडल्याही, माझ्या दाराला टेकूनच.

म्हणून हात जोडून, म्हणजे हात असते तर जोडून, सांगतो मित्रांनो. आम्हां यंत्रांना स्वच्छ ठेवा, जरूर ठेवा. पण कुठे बिघडलं, तर आधी आम्हाला आहे तसं दाखवा, मग पुसा. आणि तुमचं काही दुखत असेल तर तेही.