माझे पाचवे मिनिट

मित्रांनो, मी एक जुनी फिल्म आहे. लांबी साडेनऊ मिनिटे. जुनी म्हणजे चारच वर्षांची. पण इंटरनेटवर चार महिन्यांत गाणीसुद्धा म्हातारी होतात.

माझा जन्म एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात झाला. चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीने मैत्रिणीचा कॅमेरा मागून आणला आणि सुटीच्या सहा दिवसांत आपल्या मावशीचे काम टिपले. मावशी तिथे चादरी धुऊन, वाळवून घड्या घालायची. केवढी ती वाफ! केवढी यंत्रांची घरघर! भाचीने महिनाभर मला कापले, जोडले, पुन्हा कापले. मला वाटले, आता आपल्याला पाहायला झुंबड उडणार.

कसले काय! महोत्सवांकडून नकार आले. मग तिने मला इंटरनेटवर ठेवले आणि माझी तगमग सुरू झाली. कुणी यायचे, विसाव्या सेकंदाला निघून जायचे. कुणी बोटाने मला पुढे ढकलायचे आणि "यात घडतच नाही काही" म्हणून बंद करायचे. दर वेळी मी वाफेपासून सुरू व्हायची आणि वाफेतच संपायची. माझ्या पाचव्या मिनिटाला मावशी काहीतरी बोलून खळखळून हसते. तिथपर्यंत कुणी पोहोचतच नव्हते. पोटात हसू घेऊन गप्प बसायचे म्हणजे काय, ते मलाच ठाऊक!

भाचीही खचली. मावशीने "अगं, माझा सिनेमा दाखवणार कधी?" असे विचारले, की ती म्हणायची, "अजून नीट झाला नाही गं." शेवटी एका रविवारी सकाळी ती मला काढून टाकायलाच बसली. पान उघडले, तर खाली कुणा अनोळखी बाईने आठवड्यापूर्वी लिहिले होते:

"मी एका वसतिगृहात चादरी सांभाळते. रबरवाल्या चादरीची घडी कशी घालायची ते शोधत होते, चुकून इथे आले. घडी काही सापडली नाही, पण तुमची फिल्म तीनदा पाहिली. मला ऐकू येत नाही. पाचव्या मिनिटाला त्या काय बोलून हसतात? वाफेत ओठ दिसत नाहीत. सांगाल का?"

भाचीने आवाज वाढवून ऐकले. नुसती घरघर. कॅमेरा धरून ती स्वतः तिथे उभी होती, तरी तिलाही माहीत नव्हते! ती तडक मावशीकडे गेली आणि मला तिच्यासमोर लावले.

मावशी पापणी न हलवता पाहत राहिली. पाचवे मिनिट आले तशी म्हणाली, "अगं, तुलाच बोलत होते मी! म्हटलं, केव्हाची उभी आहेस, बस ना जरा त्या गठ्ठ्यावर. तर बाईसाहेब ढिम्म हलेनात. मग हसू नको यायला?"

भाची मावशीला खेटून बसली आणि मला पुन्हा पहिल्यापासून लावले. त्याच दुपारी माझ्या तळाशी अक्षरे उमटली. बोलणे तर उमटलेच, पण "यंत्राची घरघर", "मावशी हसते" हेसुद्धा.

त्या बाईंचे उत्तर आले: "आता मीही हसले."

मित्रांनो, यानंतर माझे नशीब फळफळले असे समजू नका. अजूनही पुष्कळ जण अर्ध्यातून उठतात आणि माझा जीव टांगणीला लागतो. तुमच्या पडद्यावरही कुणाकुणाच्या छोट्या फिल्म्स ताटकळत असतील. एखादी उघडलीत, तर शेवटपर्यंत पाहा. आवडली नाही तर तसे लिहा. कळले नाही तर विचारा. आपण काय बनवले आहे, हे बनवणाऱ्यालाही कधी कधी तुमच्या प्रश्नानेच कळते.

हे बघा, आत्ताच कुणीतरी मला उघडले आहे. दोन मिनिटे झाली. अजून गेलेले नाही.